वारुळावरची अळंबी

टर्मिटोमायसीस या प्रजातीतील खाद्य भूछत्रे. कोकणात व गोव्यात यांना अळंबी किंवा अळमी म्हणतात, पूर्व विदर्भात सात्या. १९४२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे एम यांनी ही प्रजाती निश्चित केली. वारुळाला गोव्यात रोयण म्हणतात, आणि सातेरी देवी याच वारुळाच्या रूपात पुजली जाते.

या अळंबीची खरी ओळख जमिनीखाली आहे. वाळवी पालापाचोळा व लाकूड खाते आणि विष्ठेचे स्पंजासारखे पोळे वारुळाच्या पोटात रचते. त्यावर ही बुरशी वाढते आणि वाळवी तीच खाते. मृगाच्या पावसानंतर बुरशी याच पोळ्यापासून मुळासारखा लांब देठ वर ढकलते. टोपीच्या मध्यावरचे कठीण टोक माती फोडते आणि मग टोपी छत्रीसारखी उघडते. टोपी उघडली तरी ते टोक राहते. बोट फिरवले की हाताला लागते. वाळवीशी एवढी जवळीक असल्यामुळेच हिची व्यापारी लागवड अजून कुणाला साधलेली नाही.

ओळख पटवताना देठ वरून मोडू नये. बोटांनी बाजूची माती सैल करत खाली जावे. देठ निमुळता होत वारुळाच्या दिशेने गेलेला दिसला, तर ती मोठी खूण. खाली पेल्यासारखे पांढरे आवरण लागले, तर ते भूछत्र अमॅनिटा या प्रजातीचे असू शकते. त्याच्या काही जाती यकृत निकामी करतात. त्रास सुरू व्हायला ६ ते १२ तास लागतात, आणि शिजवूनही ते विष जात नाही. देठावर कडी आहे म्हणून मात्र लगेच नाकारू नये. टर्मिटोमायसीस हेइमी या जातीला कडी असते.

सर्वांत फसवे ते क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस हे विषारी भूछत्र. ते गवताळ मोकळ्या जागी उगवते. टोपीवर तपकिरी खवले असतात, आणि कोवळेपणी टोपीखालचे पडदे पांढरेच दिसतात. म्हणून बीजाणूंचा ठसा घ्यावाच: टोपी पांढऱ्या कागदावर पडद्यांची बाजू खाली करून ठेवावी, वर वाटी पालथी घालावी आणि सकाळी पाहावे. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो, क्लोरोफायलमचा हिरवट. हे भूछत्र खाल्ले की काही तासांत जोराच्या उलट्या व जुलाब होतात.

अळंबीसोबत शिजवताना चांदीचे नाणे काळे पडणे, लसणाचा रंग बदलणे, किड्यांनी कुरतडलेली अळंबी निर्धोक मानणे या सगळ्या कसोट्या खोट्या आहेत आणि त्यांवर विसंबणे जिवावर बेतू शकते. एखादी खूण जरी जुळली नाही, तरी ती अळंबी खाऊ नये. खुडणाऱ्या जाणत्या बायका याबाबत काटेकोर असतात; दरवर्षी त्याच वारुळाशी जातात, आणि पोळ्याला धक्का लागू देत नाहीत. पोळे फुटले तर पुढच्या पावसात तिथे काही उगवेल याचा भरवसा नसतो. अभयारण्यातून परवानगीशिवाय अळंबी काढणे कायद्याने मना आहे.