८२ गुणांची लाल गाय

जनावराचा ताप कसा बघतात हे गोठा असलेल्या माणसाला सांगायला नको. शेपूट बाजूला धरायची, थर्मामीटर आत सरकवायचा, दोन मिनिटं थांबायचं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, जीनरेट या गावच्या सरकारी पशुपैदास केंद्रावर ए. ओ. ऱ्होड नावाच्या शास्त्रज्ञाने एवढ्याच साधनावर एक चाचणी बसवली. स्वच्छ, रखरखीत उन्हाचा दिवस निवडायचा. सावलीचा मागमूस नसलेल्या कुंपणात जनावरं उभी करायची. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला ताप मोजायचा. असे तीन दिवस. गाईचं नेहमीचं तापमान १०१ अंश फॅरनहाइट धरायचं आणि त्याच्या वर जेवढा पारा चढेल, त्यातल्या प्रत्येक अंशामागे शंभरातले दहा गुण कापायचे.

१९४४ साली त्याने निकाल मांडला. स्कॉटलंडच्या काळ्याभोर अँगस गाईला ५९ गुण. म्हणजे नुसतं उन्हात उभं राहून तिचा ताप १०५ च्या पुढे गेला होता. भारतीय वंशाच्या, वशिंडवाल्या ब्राह्मण गाईला ८९. आणि या दोघींच्या मध्ये, पण ब्राह्मणच्या बरीच जवळ, ८२ गुण मिळवणारी एक गर्द लाल गाय होती. सांता गर्ट्रुडिस. चारच वर्षांपूर्वी, १९४० मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली होती. एका कुटुंबाने आपल्या रँचवर, म्हणजे गुरं पाळण्याच्या अफाट रानावर, आपल्या उन्हासाठी घडवलेली ही गाय. तिच्या अंगात जे भारतीय रक्त आहे, त्याचा एक झरा आपल्या कृष्णाकाठी आहे, म्हणून तिची गोष्ट मला मराठीत सांगावीशी वाटते.

रिचर्ड किंग हा रिओ ग्रांदे नदीवर आगबोटी चालवणारा कप्तान. १८५३ मध्ये त्याने दक्षिण टेक्सासमधल्या सांता गर्ट्रुडिस नावाच्या ओढ्याकाठी साडेपंधरा हजार एकर रान विकत घेतलं. पुढच्याच वर्षी मेक्सिकोत दुष्काळ पडला. क्रुइयास नावाच्या गावातली जनावरं किंगने विकत घेतली आणि मग त्याच्या मनात आलं की गुरं नेली तर या लोकांनी खायचं काय. त्याने अख्ख्या गावालाच बरोबर चलायला सांगितलं. शंभरावर माणसं, बायका-पोरं, गाड्यांवर लादलेला संसार, सगळं रानात येऊन वसलं. घोड्यावर बसून गुरं राखण्याची विद्या याच लोकांची. त्यांना 'किनेन्योस' म्हणतात, म्हणजे किंगची माणसं. त्यांच्याही पिढ्यानपिढ्या तिथेच राबल्या. किंग रँच आज सुमारे ८ लाख २५ हजार एकरांवर पसरलेली आहे, गोवा राज्यापेक्षा थोडीशीच लहान, आणि मालकी अजून किंगच्या वंशजांच्या कंपनीकडे आहे. पण पिढीजात म्हणताना मला मालकांइतकेच हे गुराखीही डोळ्यांसमोर येतात. कुठली गाय दुपारी झुडपाखाली धापा टाकते आणि कुठली चरत राहते, हे रोज पाहणारे डोळे त्यांचे होते.

१८८५ मध्ये किंग गेला. मालकी पत्नी हेन्रिएटाकडे आली आणि कारभार बघायला लागला जावई रॉबर्ट क्लेबर्ग. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या लांब शिंगांच्या गुरांवर इंग्लंडचे शॉर्टहॉर्न वळू सोडून मांस वाढवायचं, असा तेव्हाचा सर्वमान्य मार्ग होता. मांस वाढलं. पण हे अंगाने भरलेले, थंड हवेतले जीव टेक्सासच्या उन्हात खंगायचे. वर गोचीड.

गोचिडांवर जरा थांबतो, कारण विज्ञानाच्या इतिहासातलं एक मोठं पान इथे लिहिलं गेलं. दक्षिणेची धट्टीकट्टी गुरं उत्तरेकडे हाकत नेली की वाटेवरची उत्तरेची गुरं ताप येऊन, रक्तासारखी लाल लघवी करत मरायची. दक्षिणेची मात्र ठणठणीत. याला टेक्सास ताप म्हणत. थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न यांनी दक्षिणेच्या गाईंच्या अंगावरून एकेक गोचीड हाताने वेचून काढली आणि मग त्या उत्तरेच्या गाईंबरोबर ठेवल्या. कुणी आजारी पडलं नाही. गोचिडांसकट ठेवल्या, तर पडले. १८९३ मध्ये त्यांनी सगळं काम प्रसिद्ध केलं. तांबड्या पेशींत शिरणारा बबेशिया हा परजीवी गोचिडीमार्फत पसरतो हे त्यातून ठरलं. चावणारा किडा रोग पोचवतो याचा हा पहिला पक्का पुरावा. डास आणि मलेरियाचा उलगडा यानंतर चार वर्षांनी झाला. दक्षिणेची गुरं वाचायची, कारण वासरूपणीच तो रोग अंगावरून जाऊन त्यांना प्रतिकारशक्ती आलेली असे. आपल्याकडचा गोचीडताप याच घराण्यातला.

ऊन आणि गोचीड दोन्ही सोसणारी गुरं हवी होती, म्हणून टेक्सासवाल्यांचं लक्ष भारतीय गुरांकडे गेलं. १९०६ मध्ये पिअर्स रँचचा व्यवस्थापक ए. पी. बॉर्डन भारतातून ५१ जनावरं घेऊन निघाला. न्यूयॉर्कजवळच्या बेटावर ती तपासणीसाठी अडकवली, तेव्हा त्यांच्यात सर्रा हा रक्तातल्या परजीवीमुळे होणारा रोग सापडला. सर्रा हे नाव आपल्या पशुपालकांच्या ओळखीचं आहे. अमेरिकेत तो शिरू नये म्हणून काटेकोर छाननी झाली आणि ३३ जनावरं शेवटी टेक्सासला पोचली. त्यात ३० वळू होते. एकूण हिशेब धरला तरी भारतीय वंशाची तीनशेहून कमी जनावरं अमेरिकेत गेली आणि त्यात माद्या अगदी थोड्या. गुजरातची कांकरेज, आंध्रची ओंगोल, सौराष्ट्राची गीर आणि कृष्णाखोऱ्यातली कृष्णा व्हॅली, या चार जातींच्या मिश्रणातून तिथे ब्राह्मण ही जात उभी राहिली. १९२४ मध्ये पैदासकारांची संघटना स्थापन झाली तेव्हा हे नाव ठरलं. माद्या कमी असल्यामुळे वळू भारतीय आणि गाई तिथल्याच, असा संकर पिढ्यानपिढ्या होत गेला. आजही ब्राह्मणच्या जनुकांत साधारण दहावा हिस्सा युरोपीय वंशाचा सापडतो.

किंग रँचवर १९१० मध्ये शेजारच्या रँचवाल्याने एक अर्धा भारतीय, काळा वळू भेट दिला होता. त्याची पिल्लं उन्हाळ्यात इतरांपेक्षा उजवी निघाली. १९१८ मध्ये तिसऱ्या पिढीतल्या बॉब क्लेबर्गने कारभार हाती घेतला आणि पिअर्स रँचकडून ५२ ब्राह्मण वळू घेऊन ते शॉर्टहॉर्न गाईंच्या कळपांत सोडले. १९२० मध्ये त्यातल्या विनोतेरो नावाच्या वळूपासून एक लाल खोंड जन्मला. आई साधी दुभती गाय, तिच्याही अंगात त्या काळ्या वळूचा थोडा अंश. खोंड इतका खेळकर की त्याचं नाव पडलं मंकी. आजची प्रत्येक सांता गर्ट्रुडिस या मंकीच्या वंशातली आहे.

एका नरावर अख्खी जात उभारणं धोक्याचं असतं. जवळच्या नात्यात संकर केला की चांगले गुण पक्के होतात, पण लपलेले दोषही वर येतात. दोष दिसले की ती जनावरं पैदाशीतून काढायची आणि चांगली पुढे न्यायची, एवढाच उपाय. त्याला कळप प्रचंड लागतो. चार गाईंच्या गोठ्यात हा प्रयोग कुणी करू नये. किंग रँचकडे गाई हजारोंनी होत्या. मंकीचे निवडक मुलगे वेगवेगळ्या कळपांत सोडायचे आणि उरलेले बाजूला करायचे, हे वर्षानुवर्षं चाललं. मंकी १९३२ मध्ये मेला, तेव्हा त्याचा रंग आणि बांधा पुढच्या पिढीत उतरलेला होता.

या जातीत पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न आणि तीन अष्टमांश ब्राह्मण असं सांगतात. हे तीन अष्टमांश येतं कुठून? ब्राह्मण आणि शॉर्टहॉर्न यांचं वासरू निम्मं-निम्मं. ते पुन्हा शॉर्टहॉर्नला दिलं की पाव ब्राह्मण. आता निम्म्याचा आणि पावाचा संकर केला की तीन अष्टमांश. पण ही सरासरी झाली. पुढे निवड होत गेली की घामाच्या ग्रंथींचं जनुक एकीकडून टिकतं आणि मांसल मांडीचं दुसरीकडून. जनावर निवडणारा माणूस अपूर्णांक बघत नाही, तो दुपारी तीन वाजताची गाय बघतो.

ती गाय ऊन सोसते कशी? गेल्या मे महिन्यात सांगली जिल्ह्यात ओळखीच्यांच्या दावणीला एक खिल्लार बैल होता. त्याच्या मानेवर हात ठेवला. केस इतके आखूड आणि गुळगुळीत की हात घसरत होता. खाली कातडी सैल, मुठीत धरता येईल अशी. माशी बसली की फक्त तेवढाच तळहाताएवढा तुकडा थरथरायचा, बाकीचा बैल रवंथ करत शांत. तळव्याला घामाचा हलका ओलावा जाणवला. पुस्तकात वाचलेलं सगळं त्या एका स्पर्शात होतं. वशिंडाच्या गुरांत घामाच्या ग्रंथी मोठ्या, दाट आणि कातडीच्या वरच्या थराजवळ असतात. आखूड, चकचकीत केस ऊन परतवतात आणि वारा कातडीपर्यंत येऊ देतात. कातडीची ही तत्परता आणि चाटून अंग साफ ठेवण्याची सवय यामुळे गोचीडही कमी टिकते.

वशिंड आणि गळ्याखालची पोळी हे उष्णता फेकणारे अवयव, असं सर्रास सांगितलं जातं. शस्त्रक्रियेने ते काढून टाकून पाहिलं गेलं आहे आणि उष्णता सोसण्यात फारसा फरक पडला नाही. खरी बचत आत आहे. गाईचं कोठीपोट ही एक भट्टीच. चारा आंबताना उष्णता निघते, शरीर चालवायला आणखी निघते. वशिंडाच्या गुरांचा हा पायाभूत खर्चच कमी, त्यामुळे बाहेर टाकायची उष्णताही कमी. ही काटकसर पेशीपर्यंत पोचलेली आहे. फ्लोरिडा विद्यापीठात पीटर हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी काही दिवसांचे गर्भ प्रयोगशाळेत ४१ अंश सेल्सिअसला ठेवले. ब्राह्मणचे गर्भ होल्स्टीन किंवा अँगसच्या गर्भांपेक्षा अधिक टिकले. त्या गर्भाला ना घामग्रंथी ना केस. मूठभर पेशी, आणि तरीही ऊन सोसण्याचं बळ.

याची किंमत मोजावी लागते. कमी खर्चाचं शरीर वाढतंही हळू. वशिंडाच्या कालवडी उशिरा वयात येतात. सांता गर्ट्रुडिस मांसासाठी पाळतात, आणि तिथे आणखी एक अडचण. जनावर कापल्यानंतर कॅल्पेन नावाची विकरं (एन्झाइम) स्नायूंचे धागे तोडतात आणि मांस मऊ होतं. कॅल्पास्टॅटिन हे प्रथिन त्यांना अडवतं, आणि ते वशिंडाच्या गुरांत जास्त असतं. म्हणून ब्राह्मणचं मांस चिवट. शॉर्टहॉर्नचा मोठा वाटा ठेवण्यात इथे फायदा होता.

कृष्णाकाठी हेच आधी घडून गेलं होतं. दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकात गीर, कांकरेज, ओंगोल आणि स्थानिक गुरं यांच्या संकरातून कृष्णा व्हॅली घडवली. पावसाळ्यात चिकटणाऱ्या, उन्हाळ्यात दगड होणाऱ्या काळ्या रानात नांगर ओढायला तसा दांडगा बैल हवा होता. मांसाच्या जागी ओढकाम, बाकी कारागिरी तीच: आपली जमीन बघायची आणि तिला पेलेल असं जनावर जुळवायचं. ट्रॅक्टर आल्यावर या बैलाचं काम गेलं आणि संख्याही उतरली. आता तो सांगली, बेळगाव, विजापूरकडच्या थोड्या दावणींवर उरला आहे.

एक गोष्ट व्हावी असं मला मनापासून वाटतं. मे महिन्यात, सांगोल्यापासून चिकोडीपर्यंत, दावणीदावणीला सकाळी दहा आणि दुपारी तीनला कुणीतरी थर्मामीटर लावावा. खिल्लार, कृष्णा व्हॅली, संकरित जर्सी, सगळ्यांचे आकडे एका वहीत नावानिशी, मालकाच्या पोरांकडून लिहून घ्यावेत. ऱ्होडची ती तीन दिवसांची चाचणी शाळेतल्या मुलांनाही जमेल.