आयपी पत्ता व्यवस्थापन प्रणालीची निवड (ग्रामीण विदर्भ)

इंटरनेट पुरवठादाराकडचा कोणता आयपी पत्ता (इंटरनेटवर उपकरण ओळखणारा क्रमांक) कोणत्या गावाला, कोणत्या उपकरणाला, कोणत्या ग्राहकाला दिला, याची नोंद ठेवणारी संगणक प्रणाली. धंद्यात तिला ‘आयपॅम’ म्हणतात. गावाकडच्या माणसाला ती पत्त्यांचा सातबारा म्हणून लवकर कळते. मोठा ब्लॉक म्हणजे गट नंबर, त्यातून पाडलेले सबनेट म्हणजे पोटहिस्से, आणि ग्राहक बदलला की फेरफार. तलाठी दप्तरातला जुना तंटाही इथे जसाच्या तसा सापडतो : नाव एकाचे, वहिवाट दुसऱ्याची.

आयपीव्ही४ म्हणजे जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा असल्याने जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच पत्ते होतात. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगभरचे पत्ते सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेकडचा मध्यवर्ती साठा संपला. भारतात वाटपाचे काम निक्सी या संस्थेच्या अखत्यारीतील आयआरआयएनएन करते आणि नव्या पुरवठादाराच्या वाट्याला २५६ किंवा ५१२ पत्त्यांचा तुकडा येतो. केबल टीव्हीतून ब्रॉडबँडमध्ये आलेल्या तालुक्याच्या ऑपरेटरला तेवढ्यात भागवणे अशक्य. त्यामुळे घरगुती ग्राहक सीजीनॅटच्या (एकच पब्लिक, म्हणजे इंटरनेटवर थेट चालणारा पत्ता अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या यंत्रणेच्या) मागे बसवतात. १००.६४पासून सुरू होणारा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला. पब्लिक पत्ते उरतात ते बँकेची शाखा, बाजार समिती, जिनिंग अशा स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी मागणाऱ्यांसाठी. त्यातही प्रत्येकाला चार पत्त्यांचा पोटहिस्सा पाडून दिला, तर २५६ पत्ते ६४ ग्राहकांतच संपतात.

सुरुवात बहुतेक ठिकाणी एक्सेल शीटने होते, आणि शंभरेक ग्राहकांपर्यंत त्यात काही वावगे नाही. पण एक्सेल पत्त्याला साधा मजकूर समजते, म्हणून क्रम लावला की १०.१०.१० हे १०.१०.२च्या वर जाऊन बसते आणि सबनेटची रांग मोडते. दुसरे दुखणे प्रतींचे : एक शीट ऑफिसात, एक मालकाच्या लॅपटॉपवर, एक व्हॉट्सॲपवर फिरणारी.

मोफत, मुक्त स्रोत प्रणालींत दोन नावे हमखास पुढे येतात. पीएचपीआयपॅम हे पीएचपी आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसवर चालते, उभे करायला सोपे, आणि ठरलेल्या वेळी सबनेटमधल्या पत्त्यांना पिंग करून, म्हणजे हाक मारून, कोण जागे आहे ते दाखवते (हाच स्कॅन). नेटबॉक्स २०१६ साली डिजिटलओशनने खुले केले. त्याला पोस्टग्रेस आणि रेडिस हे डेटाबेस लागतात. पत्त्यांबरोबर रॅक, उपकरणे, केबल असा सगळा पसारा त्यात मांडता येतो. मात्र ते स्वतः पिंग करत नाही. नेटवर्क कसे असायला हवे, एवढेच ते लिहून ठेवते.

पिंगची सोय पाहून भाळणारे पुष्कळ. हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याच्या कापूसपट्ट्यात ती फसवी ठरू शकते. जिनिंगचा हंगाम संपला की कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, राऊटर सगळे बंद करून कुलूप लागते. पावसाळ्यात स्कॅन केला तर तो पत्ता ‘रिकामा’ दिसतो, आणि नवखा मुलगा तो एखाद्या पतसंस्थेला देऊन टाकतो. शेतात सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) होऊन कापूस यायला लागला, जिनिंगवाल्याने मेन स्विच वर केला, की एकाच पत्त्याचे दोन धनी. मग कधी याचे कॅमेरे बंद, कधी त्याचे कनेक्शन. भारनियमनाच्या वेळी घेतलेला स्कॅनही असाच खोटे बोलतो. पिंगला उत्तर आले तर वहिवाट नक्की आहे. नाही आले तर काहीच सिद्ध होत नाही. म्हणून स्कॅन असो वा नसो, ‘राखीव, हंगामी’ अशी स्थिती लिहिण्याची आणि कोणी, कधी बदल केला हे दाखवण्याची सोय आधी तपासावी.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत तर स्कॅनचा प्रश्नच मिटतो. पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे पत्ते इतके की एकेकाला पिंग करणे शक्यच नाही. पुरवठादाराला मिळणाऱ्या एका /३२ तुकड्यात ६५,५३६ इतके /४८ बसतात (रेघेनंतरचा आकडा जितका लहान, तितका तुकडा मोठा). तिथे एकेक पत्ता मोजण्याऐवजी तालुका, गाव, ग्राहक अशी उतरंड नीट मांडता येते का, एवढेच पाहायचे.

आयपॅम घेतले की पोलीस चौकशीचे उत्तर तयार, हा समज चुकीचा आहे. सीजीनॅटमध्ये दर ग्राहकाला एका पत्त्याचे १,०२४ पोर्ट (पत्त्यामागचे क्रमांकित दरवाजे) दिले आणि पहिले १,०२४ सोडले, तरी एका पब्लिक पत्त्यामागे ६३ ग्राहक असतात. अमुक मिनिटाला अमुक पोर्ट कोणाकडे होता, हे नॅटच्या आणि रेडियसच्या (ग्राहकाचे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमध्येच सापडते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात. ती सोय वेगळी करावी लागते.

लहान ऑपरेटरला, नोंद करणारा माणूस एकच असेल तर, पीएचपीआयपॅम पुरते. राऊटरची कॉन्फिग (सेटिंगची फाइल) नोंदीवरूनच आपोआप तयार करायची असेल, आणि पायथॉन येणारे कोणी हाताशी असेल, तर नेटबॉक्स घ्यावे. बरेचदा मात्र फेरफार लिहिणारा ऑफिसात नसतोच. तो ओएनयू (ग्राहकाकडचा फायबरचा डबा) लावायला शिडीवर चढलेला असतो. त्याच्या मोबाइलवर प्रणालीचे पान उघडून पत्ता भरता येतो का, हे डेमोच्या दिवशीच, त्याच्याच हातात फोन देऊन पाहावे.