विदाविज्ञानाचे विद्यापीठीय अध्यापन

विदाविज्ञानाचे विद्यापीठीय अध्यापन : नोंदी, मोजमापे व निरीक्षणे यांतून संगणकाच्या साहाय्याने निष्कर्ष काढण्याच्या शास्त्राचे पदवी व पदव्युत्तर पातळीवरील अध्यापन. संख्याशास्त्र, संगणकशास्त्र आणि ज्या क्षेत्रातून नोंदी येतात ते क्षेत्र, अशा तिन्हींशी शिक्षकाला संबंध ठेवावा लागतो. ‘डेटा’साठी जुन्या मराठी परिभाषेत ‘आधारसामग्री’ हा शब्द आढळतो. ‘विदा’ हा पर्याय अलीकडचा. वर्गात शिक्षक व विद्यार्थी दोघेही ‘डेटा’च म्हणतात. म्हणून या नोंदीत विषयाच्या नावापुरता ‘विदा’ व अन्यत्र ‘डेटा’ हा शब्द वापरला आहे.

विषयाच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही, आणि अभ्यासक्रम कोणी आखावा हा वाद बव्हंशी याच मतभेदातून आलेला आहे. नावाचा मान सामान्यतः डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पेटर नाउर (१९२८–२०१६) यांना दिला जातो. नाउर यांनी १९६६ च्या सुमारास ‘डेटालॉजी’ हा शब्द सुचवला. डेन्मार्कमध्ये तो संगणकशास्त्राचे नाव म्हणून रुजला. कोपनहेगन विद्यापीठातील विभागही याच नावाने ओळखला जाऊ लागला. १९७४ मध्ये त्यांनी संगणकपद्धतींच्या आढाव्यात ‘डेटा सायन्स’ ही संज्ञा वापरून तिची व्याख्या केली. ती व्याख्या मुळातून पाहण्यासारखी आहे. डेटा एकदा हाती आला की पुढे तो कसा हाताळायचा, एवढेच त्यांनी या शास्त्राचे क्षेत्र मानले. तो डेटा ज्या वास्तवाविषयी आहे त्याच्याशी असलेले त्याचे नाते इतर शास्त्रांकडे सोपवले. आज चांगल्या वर्गात जे शिकवले जाते त्याचा गाभा म्हणजे नेमके हे वगळलेले नातेच होय. तेव्हा नाव नाउर यांचे असले, तरी आजच्या विषयाचा वंश त्यांच्यापर्यंत नेणे कठीण दिसते.

दुसरी परंपरा संख्याशास्त्राची. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी १९६२ च्या लेखात डेटा-विश्लेषण हे गणिती संख्याशास्त्राहून व्यापक व स्वतंत्र शास्त्र असल्याचे मांडले. १९९६ मध्ये जपानमधील कोबे येथे भरलेल्या वर्गीकरण-संस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या शीर्षकात ‘डेटा सायन्स’ हे शब्द आले; तेथे चिकिओ हायाशी यांनी संकल्पनेची मांडणी केली. १९९७ मध्ये सी. एफ. जेफ वू यांनी मिशिगन विद्यापीठातील व्याख्यानात संख्याशास्त्राचे नावच बदलून ‘डेटा सायन्स’ करावे असे सुचवले. तेच व्याख्यान त्यांनी भारतीय संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या स्मृत्यर्थ असलेल्या १९९८ च्या व्याख्यानमालेत दिले, हा भारताशी असलेला दुवा सहसा सांगितला जात नाही. अध्यापनाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त दस्तऐवज विल्यम क्लीव्हलँड यांचा, २००१ चा. विद्यापीठातील विभागाने आपले बळ कसे वाटावे याचे प्रमाणच त्यांनी दिले : अन्य विषयांबरोबरचे संशोधन २५ टक्के, प्रतिमाने व पद्धती २० टक्के, संगणन १५ टक्के, अध्यापनशास्त्र १५ टक्के, साधनांचे मूल्यमापन ५ टक्के आणि सिद्धांत २० टक्के. अध्यापनाला संगणनाइतकाच वाटा देणारी ही योजना ट्यूकी यांच्या परंपरेतली आहे, आणि आजच्या अभ्यासक्रमांचे स्पष्टीकरण तीच अधिक चांगले देते. ‘डेटा सायंटिस्ट’ हे पदनाम मात्र उद्योगजगतातून, साधारण २००८ च्या सुमारास, रूढ झाले. विद्यापीठांनी बहुतेक अभ्यासक्रम त्यानंतरच उघडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात २०१५ मध्ये सर्व शाखांसाठी सुरू झालेला पायाभूत अभ्यासक्रम यांतील ठळक होय.

भारतात या विषयाच्या शिक्षकाकडे जाणाऱ्या वाटा वेगवेगळ्या आहेत. संख्याशास्त्राचा उमेदवार सीएसआयआरच्या (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या) गणितीय विज्ञानांच्या परीक्षेतून येतो, संगणकशास्त्राचा यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नेट या अध्यापक-पात्रता परीक्षेतून. महाराष्ट्रात सेट ही राज्यपातळीवरील पात्रता परीक्षाही चालते. अभियांत्रिकी महाविद्यालयात एम.टेक. पुरते. परिणामी, एकाच विषयाच्या दोन शिक्षकांची मूळ घडण अगदी भिन्न असू शकते. मद्रास आयआयटीने २०२० मध्ये या विषयाचा ऑनलाइन पदवी-अभ्यासक्रम सुरू केला. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेत विदाविज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्तेची स्वतंत्र प्रश्नपत्रिका २०२४ पासून आली. उद्योगातील अनुभवी व्यक्तींसाठी यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद केली, त्यासाठी किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो आणि अशा जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांपलीकडे जात नाहीत. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांच्या वाट्याला यातले काही येत नाही. नवा विषय शिकवायचा तर दर वर्षी आधी स्वतः शिकावे लागते; त्या तयारीचे तास कोणत्याही वेळापत्रकात मोजले जात नाहीत, आणि हा अन्याय आहे.

वर्गातील काम उदाहरणांच्या निवडीवर बरेच अवलंबून असते. आयरिस फुलांच्या १५० नोंदी (तीन जाती, प्रत्येकी ५०) एडगर अँडरसन यांच्या मोजणीतल्या. रोनाल्ड फिशर यांनी त्या १९३६ मध्ये सुप्रजननविषयक (माणसाचा वंश निवडीने ‘सुधारू’ पाहणाऱ्या विचाराच्या) नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. या पार्श्वभूमीमुळे काही शिक्षक आता त्याऐवजी अंटार्क्टिकातील पेंग्विनांच्या ३४४ नोंदी घेतात. बोस्टनच्या घरांच्या किमतींचा संच अधिक बोलका आहे. १९७८ च्या हवा-प्रदूषणविषयक अभ्यासातून आलेल्या त्याच्या ५०६ ओळी वर्षानुवर्षे पहिल्या पाठाला वापरल्या गेल्या. त्यातल्या एका स्तंभात वस्तीतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण एका वर्गसूत्रात (म्हणजे एक ठरावीक संख्या वजा करून येणाऱ्या फरकाचा वर्ग घेणाऱ्या सूत्रात) घालून मांडलेले आहे. त्यातून मूळ प्रमाण नेहमी परत काढता येत नाही, आणि वांशिक विभागणीचा घरांच्या किमतीवरील परिणाम त्या सूत्रात आधीच गृहीत धरलेला आहे. शिवाय किंमत ५० हजार डॉलरपाशी कापलेली आहे, म्हणजे त्याहून महाग घरेही तेवढ्याच किमतीची दाखवली आहेत. सायकिट-लर्न या पायथन भाषेतील तयार कोडच्या संग्रहाने (‘लायब्ररी’ने) १.२ आवृत्तीत हा संच काढून टाकला. काढण्याचा निर्णय योग्यच. पण तो का काढला हे शिकवणारा एक तास संच वापरण्याच्या दहा तासांहून मोलाचा ठरतो.

महाराष्ट्रातील शिक्षकाला अशी उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. २०११ च्या जनगणनेत राज्याचे ३५ जिल्हे आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि संख्या ३६ झाली. विद्यार्थी २०१५ ची एखादी जिल्हावार सारणी जनगणनेच्या सारणीला जोडतो, तेव्हा पालघरची ओळ एक तर गळते, नाही तर लोकसंख्येचा रकाना रिकामा ठेवून बसते. ठाण्याचे दुखणे याहून खोल असते, कारण तिथे काही बिघडल्याचे दिसतच नाही. जुन्या ठाण्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८. पालघरची २९,९०,११६ वजा केली की उरतात ८०,७०,०३२. जुना आकडा छेदात राहिला, तर दर लाखामागचे कोणतेही प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी कमी निघते. संगणक चूक दाखवत नाही, आलेखही नेटका येतो. औरंगाबाद, उस्मानाबाद व अहमदनगर यांच्या नामांतरांनंतर नावांवरून सारण्या जोडणे आणखी अवघड झाले आहे. म्हणून जाणते शिक्षक जिल्ह्याच्या नावाऐवजी जनगणनेचा संकेतांक वापरायला लावतात.

प्रात्यक्षिकांसाठी पायथन व आर या संगणकभाषा आणि कोड, निकाल व टिपण एकत्र ठेवणारे जुपिटर नोटबुक सर्वत्र वापरात आहेत. मूल्यमापन बहुधा गटप्रकल्पावर होते. कोड यंत्राकडून लिहून घेता येऊ लागल्यापासून तोंडी परीक्षेचे वजन वाढवणारे शिक्षक दिसतात.

महाराष्ट्रात या अध्यापनाची पूर्वपीठिका संख्याशास्त्राची. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग घडवला, तर सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पादनाचा अंदाज यादृच्छिक नमुन्यावरून घेण्याच्या पद्धतीला भक्कम पाया दिला. त्या परंपरेतले पीककापणी प्रयोग आजही गावोगाव होतात : शेतातला ठरलेला तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा आणि धान्य तोलायचे. पदवीच्या विद्यार्थ्यांना एका हंगामात असा प्रयोग बांधावर उभे राहून दाखवला, की सारणीतला एक आकडा कुठून येतो हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.