अंतराळ साहसपटांचे आकर्षण

अंतराळ साहसपट हा विज्ञानकल्पित चित्रपटांचा एक प्रकार. पृथ्वीबाहेरचा प्रवास, परग्रहांवरचे जीवन किंवा ताऱ्यांच्या पसाऱ्यात घडणारा संघर्ष हा त्याचा विषय असतो. त्याच्या लोकप्रियतेची कारणे सांगताना बहुधा भव्य दृश्ये, वेग आणि युद्धे यांवर बोट ठेवले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. काळे, थंड, रिकामे अवकाश माणसाला फार वेळ पाहवत नाही. त्या अफाट पसाऱ्यात एखादी राहती जागा दिसली, तिथे कुणी जेवतो, भांडतो, बिघडलेले यंत्र ठोकूनठाकून चालू करतो हे दिसले, की प्रेक्षक मनाने तिथे जाऊन बसतो. या प्रकारातले जे चित्रपट पिढ्यान् पिढ्या टिकले, त्यांतल्या बहुतेकांनी ही राहती जागा मन लावून उभी केली आहे.

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. रंगमंचावर जादूचे प्रयोग करणारे झॉर्झ मेलिएस यांनी १९०२ साली चंद्रावरच्या सफरीचा मूकपट काढला. त्यातला चंद्राच्या डोळ्यात रुतलेला तोफगोळा अजूनही ओळखला जातो. मात्र अवकाशप्रवासाला विश्वासार्ह रूप दिले ते जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांनी, १९२९ सालच्या ‘फ्राउ इम मोंड’ (चंद्रावरची स्त्री) या चित्रपटात. अग्निबाणविद्येचे एक आद्य अभ्यासक हेर्मान ओबर्थ हे त्यांचे सल्लागार होते. टप्प्याटप्प्याने सुटणारा अग्निबाण आणि उड्डाणाच्या वेळी प्रवाशांच्या शरीरावर येणारा ताण या गोष्टी त्यात आहेत. त्याहून महत्त्वाची आहे ती उलटी गणती. आकडे चढत गेले तर ते कुठे थांबणार हे प्रेक्षकाला कळत नाही. उतरत शून्याकडे आले की श्वास आपोआप रोखला जातो. लांग यांनी ही युक्ती निव्वळ नाट्यासाठी वापरली. पुढे १९४२ साली जर्मनीतल्या पेनेम्युंडे येथून यशस्वीपणे उडालेल्या पहिल्या व्ही-२ अग्निबाणावर या चित्रपटाचे चिन्ह रंगवलेले होते. युद्धात विध्वंस करणाऱ्या त्या अस्त्राची आणि चंद्रप्रवासाच्या स्वप्नाची अशी गाठ पडावी, हे या इतिहासातले अस्वस्थ करणारे पान आहे. आज श्रीहरिकोट्याहून होणारे प्रक्षेपण पाहताना घराघरांत जे आकडे मोठ्याने म्हटले जातात, ते पडद्यावर प्रथम रंगले ते या मूकपटात.

अमेरिकेत १९३०च्या दशकात दर आठवड्याला एक भाग अशा चित्रमालिका लोकप्रिय झाल्या. १९३६ सालची तेरा भागांची ‘फ्लॅश गॉर्डन’ ही त्यांतली सर्वांत गाजलेली. प्रत्येक भाग नायकाला मरणाच्या दारात सोडून संपे, आणि मुले पुढच्या आठवड्याला पुन्हा तिकीट काढत. या मालिकेतला खलनायक मिंग हा पौर्वात्य माणसाबद्दलच्या पाश्चात्त्य पूर्वग्रहांतून घडवलेला होता. परग्रहवासी म्हणून कोणाचा चेहरा दाखवायचा, हा प्रश्न या प्रकाराला तेव्हापासून चिकटलेला आहे. पुढे ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी आपल्या कल्पनेची ओळख करून देताना पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांच्या तांड्याचाच दाखला दिला होता. नवी भूमी, नवे शत्रू, पुढे पुढे सरकणारी सीमा हा अमेरिकी वसाहतीचा जुना साचा ताऱ्यांवर नेला गेला. प्रेक्षकाला मिळणारा साहसाचा आनंद आणि हा वारसा वेगळे काढता येत नाहीत.

स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ एप्रिल १९६८ मध्ये आला, माणूस चंद्रावर उतरण्याच्या सव्वा वर्ष आधी. सुरुवातीची जवळपास पंचवीस मिनिटे त्यात एकही संवाद नाही. यानात कृत्रिम गुरुत्व कसे असेल हे दाखवण्यासाठी सुमारे ३८ फूट व्यासाचे फिरते चक्र खरोखर बांधले गेले आणि त्याच्या आतल्या बाजूने नट धावला. बाहेर निर्वातात आवाज नाही. ऐकू येतो तो फक्त अंतराळवीराचा श्वास. ज्याला ही शांतता मानवते, त्याला या चित्रपटाने जे दिले ते दुसऱ्या कोणी दिलेले नाही. पण साहसपटाची व्यापक लोकप्रियता या वाटेने आली नाही.

ती आली २५ मे १९७७ रोजी, मोजक्याच चित्रपटगृहांत लागलेल्या जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’मधून. लुकास यांना मुळात ‘फ्लॅश गॉर्डन’च करायचा होता, हक्क मिळाले नाहीत म्हणून त्यांनी स्वतःची कथा रचली. तिच्यात अकिरा कुरोसावा यांच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ या १९५८ सालच्या जपानी चित्रपटाचा धागा आहे, मिथकांचे अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांच्या वीरकथेविषयीच्या विचारांचाही आहे. खेड्यातला पोरका मुलगा, वृद्ध गुरू, बंदिवान राजकन्या, वंशात दडलेले रहस्य: हे सगळे कुठल्याही संस्कृतीतल्या श्रोत्याला आधीच ठाऊक असते. कथा ओळखीची असल्यामुळे डोळ्यांना अनोळखी जग पाहायला सवड मिळते.

आणि ते जग कसे आहे? मळलेले. याआधीच्या चित्रपटांतली याने कारखान्यातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी चकचकीत असत. लुकास यांनी ती खरचटलेली, तेलकट, ठिगळे लावलेली हवीत असा आग्रह धरला. वाळवंटी ग्रहाचे चित्रीकरण ट्युनिशियात झाले, तिथल्या जमिनीत खोदलेल्या खऱ्या घरांसकट. नायकाचा मित्र ज्या यानातून पळतो ते ऐन वेळी दगा देते, आणि ते ठोकून चालू करावे लागते. एखादी जुनी एस. टी. गाडी जशी आपल्या चालकालाच कळते, तसे ते यान त्याच्या मालकाला कळते. या एका निर्णयाने प्रेक्षकाचा विश्वास जिंकला असे म्हणावेसे वाटते. जे झिजले आहे ते कुणीतरी वापरले आहे, आणि ज्याला भूतकाळ आहे ते खरे आहे, हे मनाला वेगळे सांगावे लागत नाही.

तंत्राची बाजूही याच विश्वासासाठी राबली. दृश्य-परिणामांसाठी लुकास यांनी १९७५ साली ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ ही संस्था उभी केली. बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि जहाजांच्या खेळण्यांचे प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून कारागिरांनी यानांच्या प्रतिकृती घडवल्या. पहिल्याच दृश्यात डोक्यावरून संपता संपत नाही असे जे प्रचंड लढाऊ यान जाते, त्याची प्रतिकृती प्रत्यक्षात सुमारे तीन फूट लांब होती. जॉन डायक्स्ट्रा यांच्या चमूने असा कॅमेरा तयार केला, की तो स्थिर प्रतिकृतीभोवती फिरे आणि तीच हालचाल हवी तितक्या वेळा तंतोतंत पुन्हा करे. त्यामुळे वेगवेगळी टिपलेली याने एकाच चौकटीत एकत्र झुंजताना दाखवता आली. यानांची ही युद्धे कशी दिसावीत हे ठरवण्यासाठी लुकास यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढायांच्या चित्रफिती जोडून कच्चे संकलन केले होते. म्हणूनच ती याने निर्वातातही हवेत असल्यासारखी झुकतात आणि वळतात.

आवाजाचेही तसेच. अवकाशात आवाज पोहोचत नाही, तरी ही याने गर्जतात. बेन बर्ट यांनी शत्रूच्या लहान यानांचा चीत्कार हत्तीच्या आवाजातून आणि ओल्या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीच्या सळसळीतून घडवला. प्रकाशाच्या तलवारीची गुणगुण चित्रपट-प्रक्षेपकाच्या मोटारीतून आणि दूरचित्रवाणी संचाच्या खरखरीतून आली. काळ्या चिलखतातल्या खलनायकाचा श्वास हा पाणबुड्याच्या श्वसनयंत्राचा आहे. ते सगळे पृथ्वीवरचेच आवाज. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही चूक आहे, पण तिला दोष मानणे योग्य नाही. कानाला ओळख पटली की शरीर त्या जागी हजर होते. जॉन विल्यम्स यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेले संगीतही मुद्दाम जुन्या वळणाचे आहे. या चित्रपटाला सहा ऑस्कर आणि बर्ट यांना ध्वनीसाठी विशेष पुरस्कार मिळाला.

वास्तवाच्या अधिक जवळ राहणारी दुसरी शाखाही पुढे वाढली. १९७० सालच्या फसलेल्या खऱ्या चंद्रमोहिमेवरच्या ‘अपोलो १३’ या १९९५ सालच्या चित्रपटासाठी नटांना नासाच्या विमानातून नेले गेले. ते विमान उंच चढून कमानीसारखे खाली झेपावताना दर फेरीला सुमारे पंचवीस सेकंद वजनरहित अवस्था मिळे आणि तेवढ्यात चित्रीकरण उरकावे लागे. तिथले संकट अगदी साधे आहे: प्राणवायू, वीज, उष्णता. शेवट ठाऊक असूनही प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येतो, कारण त्या लहानशा कोठडीत हाताशी असलेल्या वस्तूंतूनच जगण्याचा मार्ग काढायचा असतो.

ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘इंटरस्टेलर’ने (२०१४) या आकर्षणात आणखी एक पदर जोडला. प्रचंड कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावर एक तास घालवला की पृथ्वीवर सात वर्षे उलटतात. नायक तिथून यानात परततो तेव्हा घरी तेवीस वर्षे गेलेली असतात, आणि साठून राहिलेल्या संदेशांत त्याची मुले त्याच्या डोळ्यांदेखत मोठी होतात. सापेक्षतेचा सिद्धान्त कुणी फळ्यावर समजावत नाही; मुलांच्या बालपणाला मुकलेल्या बापाच्या रडण्यातून तो कळतो. परदेशी गेलेल्या माणसाला, मागे राहिलेल्या आईवडिलांना तो लगेच भिडतो. पडद्यावरचे कृष्णविवर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी दिलेल्या समीकरणांवरून काढले गेले होते आणि त्या कामावर पुढे शोधनिबंधही निघाला. अवघड विज्ञान प्रेक्षकाला नको असते हा निर्मात्यांचा जुना समज या चित्रपटाने खोटा पाडला.

अमेरिकेबाहेर हेच आकर्षण निराळी रूपे घेते. आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या ‘सोलारिस’मध्ये (१९७२) अवकाशस्थानकावर माणसाला स्वतःचीच अपराधी स्मृती भेटते. चीनच्या ‘द वाँडरिंग अर्थ’मध्ये (२०१९) माणसे यानात बसून पळ काढत नाहीत, अवाढव्य इंजिने लावून सगळी पृथ्वीच सूर्यापासून दूर नेतात. घर सोडून नव्या भूमीवर जाण्याऐवजी घर बरोबर नेण्याची ही कल्पना आशियाई मनाला जवळची वाटते. तमिळमध्ये १९६३ सालीच ‘कलै अरसी’ आला. त्यातले परग्रहवासी पृथ्वीवर येतात ते संगीत येणारी स्त्री नेण्यासाठी. सोने किंवा पाणी सोडून गाण्यासाठी कुणी इतक्या दूर यावे, ही कल्पना फार सुंदर आहे. हिंदीत १९६७ साली दारा सिंग ‘चाँद पर चढाई’त चंद्रावर जाऊन लढले.

पडदा आणि प्रत्यक्ष मोहीम यांच्यात देवाणघेवाण चालूच असते. प्रेक्षकांच्या पत्रमोहिमेमुळे नासाच्या पहिल्या चाचणी शटलला १९७६ साली ‘स्टार ट्रेक’मधल्या यानाचे ‘एंटरप्राइझ’ हे नाव मिळाले. त्याच मालिकेतल्या कृष्णवर्णीय अधिकारी उहुराला पाहून प्रेरणा घेतलेल्या मे जेमिसन १९९२ साली अंतराळात गेल्या. तिथे जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. भारताच्या मंगळयानाचा खर्च सुमारे ४५० कोटी रुपये होता. तो ‘ग्रॅव्हिटी’ या हॉलिवूडपटापेक्षा कमी असल्याचा उल्लेख पंतप्रधानांनी २०१४ साली श्रीहरिकोट्याच्या भाषणात केला, आणि ती तुलना सर्वतोमुखी झाली.

मराठी माणसाची अंतराळाची भूक चित्रपटांच्या आधी वाचनाने भागवली. भा. रा. भागवत यांनी फ्रेंच विज्ञानकथाकार झ्यूल व्हेर्न मराठी मुलांच्या हाती दिला. जयंत नारळीकर यांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ साली टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आली आणि पहिली ठरली. ‘इंटरस्टेलर’च्या चाळीस वर्षे आधी हा विषय मराठीत असा येऊन गेला होता.