उत्तराखंडमधील पहाडी वृत्तपत्रे

कुमाऊँ आणि गढवाल या हिमालयातील डोंगराळ मुलखांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाढलेली, प्रामुख्याने हिंदीतील स्थानिक पत्रकारिता. यातील बहुतेक पत्रे साप्ताहिक किंवा पाक्षिक होती आणि त्यांचा खप बेताचाच असे. गावाने लिहिलेले गाऱ्हाणे छापून साहेबापर्यंत पोहोचवणे हे त्यांचे मूळ काम. त्यांचा इतिहास म्हणूनच बऱ्याच अंशी जंगल, बेगार आणि दारू या प्रश्नांचाही इतिहास आहे.

नैनीतालहून १८६८ मध्ये ‘समय विनोद’ निघाले होते, तरी परंपरा मानली जाते ती १८७१ च्या ‘अल्मोडा अखबार’पासून. अल्मोड्यातील डिबेटिंग क्लबाच्या मंडळींनी ते काढले. बुद्धिबल्लभ पंत त्यातले प्रमुख. पहिली चार दशके या पत्राचा सूर अर्ज-विनंत्यांचाच होता. १९१३ मध्ये बद्रीदत्त पांडे संपादक झाले आणि तो बदलला; पत्र बेगारीविरुद्ध लिहू लागले. दौऱ्यावरच्या अंमलदाराचे सामान गावकऱ्यांनी पाठीवरून वाहायचे, वर त्याला धान्य, दूध, जळण पुरवायचे, अशी ही ‘कुली-बेगार’. कोणाची पाळी कधी, हे गावच्या प्रधानाकडील वहीत लिहिलेले असे. चाकाची वाट नसलेल्या मुलखात सगळा राज्यकारभार या पाठींवर चालत होता. त्यामुळे बेगारीविरुद्धचा मजकूर सरकारला विशेष झोंबे.

१९१८ मध्ये डेप्युटी कमिशनर लोमस याच्या बंदुकीने एक कुली जखमी झाल्याच्या प्रकरणावरून पत्राने त्याची टर उडवली. सरकारने जामीन मागितला आणि ‘अल्मोडा अखबार’ बंद पडले. त्यावर ‘गढवाली’ या शेजारच्या पत्राने एका गोळीत तिघांची शिकार झाल्याची नोंद केली : कुली, कोंबडी आणि अल्मोडा अखबार. त्याच वर्षी विजयादशमीला पांडे यांनी ‘शक्ती’ हे साप्ताहिक सुरू केले. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत हजारो लोकांच्या साक्षीने बेगारीच्या वह्या सरयूच्या पात्रात फेकल्या गेल्या, तेव्हा त्यामागे ‘शक्ती’ची सव्वादोन वर्षांची मशागत होती.

गढवालची गोष्ट थोडी वेगळी. ‘गढवाली’ १९०५ मध्ये सुरू झाले ते डोंगराच्या पायथ्याशी, देहरादूनला. टिहरी संस्थानात राजाविरुद्ध छापणे अशक्य असल्याने संस्थानी बातमीला ब्रिटिश हद्दीतला छापखाना गाठावा लागे. ३० मे १९३० रोजी यमुनाकाठच्या तिलाडीच्या मैदानात वनहक्कांसाठी जमलेल्या, संस्थानातील रवाईं भागातल्या लोकांवर संस्थानी फौजेने गोळीबार केला. ‘गढवाली’ने त्याची हकिकत छापली. खटला उभा राहिला, बातमी कोणी पाठवली असा प्रश्न आला आणि संपादक विश्वंभरदत्त चंदोला यांनी वार्ताहराचे नाव सांगायला नकार दिला. त्यांनी वर्षभराची कैद पत्करली. डोंगरातल्या वार्ताहराला लपायला जागा नसते. गावात लिहिता येणारी माणसे मोजकी, त्यामुळे संशयित लगेच सापडतो. चंदोलांच्या मौनाचे मोल त्यावरून कळावे.

याच काळात पत्रांची विविधताही वाढली. व्हिक्टर मोहन जोशी यांचे ‘स्वाधीन प्रजा’ (१९३०) जहाल राष्ट्रवादी होते. हरिप्रसाद टम्टा यांच्या ‘समता’ने (१९३४) शिल्पकार, म्हणजे पहाडातील दलित समाजाची बाजू मांडली; पुढे त्याचे संपादन लक्ष्मीदेवी टम्टा यांनी केले. ‘अचल’ (१९३८) हे मासिक कुमाऊँनी बोलीत निघे. लॅन्सडाउनचे ‘कर्मभूमी’ (१९३९) आणि देहरादूनचे ‘युगवाणी’ (१९४७) यांनी टिहरीतील प्रजेचा लढा उचलून धरला.

स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशके एकंदर मंदीची. चिपको आंदोलनाने हे चित्र पालटले. १५ ऑगस्ट १९७७ रोजी राजीवलोचन साह यांनी ‘नैनीताल समाचार’ हे पाक्षिक सुरू केले, ते जंगलांच्या लिलावावरून वातावरण तापलेले असताना. पाक्षिकाला ताजी बातमी देता येत नाही. पण कोणते झाड कोणाच्या परवान्याने पडले, याचा हिशेब सावकाश मांडता येतो. पहाडाला तेच हवे होते. १९८४ च्या ‘नशा नहीं, रोजगार दो’ आंदोलनातही हे पत्र पुढे होते. दारूच्या धंद्याविरुद्ध लिहिण्याची किंमत मात्र जबर पडली : मार्च १९८८ मध्ये पौडीतील तरुण पत्रकार उमेश डोभाल यांची दारूमाफियांनी हत्या केली. आजही दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनी पहाडातले पत्रकार एकत्र जमतात. १९९४ मध्ये स्वतंत्र राज्याचे आंदोलन पेटले, तेव्हा नैनीतालमध्ये संध्याकाळचे बातमीपत्र चौकात उभे राहून मोठ्याने वाचले जाई. गिर्दा, म्हणजे जनकवी गिरीश तिवारी, त्यात आपल्या ओळी गात. कागदाला छपाईची वाट पाहायला सवड नव्हती.

९ नोव्हेंबर २००० रोजी राज्य झाले, आणि मोठ्या हिंदी दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या पहाडात खोलवर शिरल्या. मैदानात छापलेले गठ्ठे रात्री जीपने निघतात. दरड कोसळली की त्या दिवशीचा अंक उद्यावर जातो. बातमी गावपातळीवरचा वार्ताहर देतो. त्याला मानधन नाममात्र, जाहिराती गोळा करण्याचे कामही बहुधा त्याच्याच गळ्यात, आणि पोट भरते दुकानावर किंवा शिकवण्यांवर. शिवाय जिल्हा आवृत्तीचा एक तोटा असा, की पिथौरागढची बातमी चमोलीत दिसत नाही. जुन्या साप्ताहिकांत दोन्ही एकाच पानावर असत.

जिथे अंक पोहोचत नाही तिथे आता रेडिओ व मोबाइल आहेत. टिहरीतील चंबा येथील ‘हेंवलवाणी’ आणि मुक्तेश्वरजवळच्या सूपी गावातून २०१० पासून चालणारी ‘कुमाऊँ वाणी’ ही सामुदायिक केंद्रे शेती, हवामान आणि गावच्या घडामोडी स्थानिक बोलीत देतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऋषिगंगेला आलेल्या लोंढ्याची पहिली दृश्ये गावकऱ्यांच्याच मोबाइलवर टिपलेली होती.

वाचक मात्र उतरणीला लागला आहे. राज्याच्या पलायन (म्हणजे स्थलांतर) आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार २०११ नंतर ७३४ गावे निर्मनुष्य झाली. पहाडी नियतकालिकांचे कितीतरी वर्गणीदार आता दिल्ली, हल्द्वानी वा देहरादूनला राहतात. गावाकडची खबर डोंगर उतरून टपालाने त्यांच्या दारात जाते.