विमान बचाव व अग्निशमन : सोलापूर विमानतळाच्या संदर्भात

विमानतळावर किंवा त्याच्या अगदी लगतच्या परिसरात विमानाला अपघात झाला अथवा आग लागली, तर आतल्या माणसांचे प्राण वाचवण्यासाठी उभी केलेली खास सेवा. प्राण वाचवणे हा तिचा मुख्य हेतू आहे आणि आग विझवणे हे त्याचे साधन, असा क्रम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ मध्ये घालून दिलेला आहे. भारतात याच चौकटीवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय नियम करते. जवानांचे प्रशिक्षण, गाड्यांची संख्या, पाण्याचा साठा, चौकीची जागा या सगळ्याचा हिशेब या एका हेतूपासून सुरू होतो.

सोलापूरचे विमानतळ शहराच्या आग्नेयेला होटगी रस्त्यावर आहे. उड्डाणमार्गात अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली, आणि ९ जून २०२५ पासून गोव्याची नियमित सेवा सुरू झाली. नियमित प्रवासी विमान उतरू लागले की बचाव व अग्निशमन सेवा सज्ज ठेवणे बंधनकारक होते. ठरलेल्या दर्जाची सेवा हजर नसेल, तर त्या आकाराच्या विमानाला तिथे नियमित ये-जा करता येत नाही.

सोलापूरकरांना आगीचे रूप ठाऊक आहे ते कारखान्यांमुळे. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जणांचा जीव गेला, आणि बंब तासन्‌तास पाणी मारत होते. विमानाच्या आगीत एवढा वेळ मिळतच नाही. विमानाचे बाहेरचे ॲल्युमिनियमचे कवच इंधनाच्या ज्वाळांत एखाद्या मिनिटात वितळून भोक पडू शकते. प्रवासी विमानाला मान्यता देताना निम्मीच दारे वापरून ९० सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर पडू शकतात हे सिद्ध करावे लागते. त्यापुढे थांबले, तर माणसे ज्वाळांआधी धुराने पडू लागतात. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरला धावपट्टीवरच पेटलेल्या विमानात ५५ जण दगावले, त्यांतले बहुतेक विषारी धुरामुळे. १९ ऑगस्ट १९८० रोजी रियाधला तर विमान न मोडता जमिनीवर उतरले होते. पण इंजिने बंद झाल्यावर दार उघडेपर्यंत वीसहून अधिक मिनिटे गेली आणि आतले सर्व ३०१ जण गेले. दार बाहेरून कसे उघडायचे हे जवानाला डोळे मिटून येण्याइतके पाठ हवे, यावर प्रशिक्षणात भर असतो तो अशा घटनांमुळे.

आता सोलापूरच्या उन्हाचा मुद्दा. प्रवासी विमानांत वापरतात त्या जेट ए-१ या इंधनाचा प्रज्वलनांक किमान ३८ अंश सेल्सिअस असतो. म्हणजे इंधन एवढे तापले की त्याच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेट घेईल इतकी वाफ जमू शकते. थंड प्रदेशातल्या विमानतळावर सांडलेले जेट इंधन सहजासहजी पेट घेत नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या पुढे जातो आणि दुपारी एप्रनचे, म्हणजे विमाने उभी करतात त्या जागेचे, काँक्रीट हवेपेक्षाही तापलेले असते. तिथे इंधन भरताना थोडेसे सांडले तरी आग लागण्यापूर्वीच त्यावर फोमचा, म्हणजे पाणी आणि फोम-द्रव्य यांच्या फेसाचा, थर देणे, आसपासची यंत्रे बंद करणे, प्रवाशांना दूर नेणे हे उन्हाळ्यात जास्तच मनावर घ्यावे लागते. तप्त जमिनीवर फोममधले पाणी लवकर निथळते व उडून जाते, म्हणून थर पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. त्यातच ज्वाळांजवळ जाणाऱ्या जवानाच्या अंगावर चंदेरी उष्णतारोधक पोशाख आणि पाठीवर श्वसनयंत्र असते. भर दुपारच्या सरावात जवान उष्माघाताच्या उंबरठ्यावर पोहोचू शकतो. सराव सकाळी लवकर ठेवणे आणि माणसांची पाळी बदलत राहणे हे त्यावरचे साधे, पण टाळू नये असे उपाय आहेत.

किती गाड्या आणि किती पाणी लागेल, हे विमानतळाच्या इमारतीवरून ठरत नाही. तिथे येणाऱ्या सर्वांत लांब विमानावरून ते ठरते. लांबी आणि धडाची, म्हणजे प्रवासी बसतात त्या मुख्य भागाची, रुंदी पाहून १ ते १० अशा श्रेणी केलेल्या आहेत. गोव्याच्या सेवेत असलेले एटीआर ७२ हे विमान २७.१७ मीटर लांब, म्हणजे २४ ते २८ मीटरच्या गटातले, श्रेणी ५ चे. या श्रेणीला प्रचलित ‘ब’ दर्जाच्या फोमसाठी किमान ५,४०० लिटर पाणी, मिनिटाला ३,००० लिटर फोम-द्रावण फेकण्याची क्षमता, १८० किलो कोरडी रासायनिक पावडर आणि एक गाडी लागते. ३१.६८ मीटर लांबीचे एम्ब्रेअर १७५ आले की श्रेणी ६ होते : ७,९०० लिटर, मिनिटाला ४,००० लिटर, दोन गाड्या. लांबी बसली तरी रुंदी जास्त असेल तर एक श्रेणी वर जावे लागते. एअरबस ए ३८० लांबीने श्रेणी ९ मध्ये मावते, पण ७ मीटरहून रुंद धडामुळे १० मध्ये जाते. उलट, वर्षातल्या सर्वांत गजबजलेल्या सलग तीन महिन्यांत सर्वांत वरच्या श्रेणीतल्या विमानांची ये-जा ७०० पेक्षा कमी असेल तर एक श्रेणी खालची व्यवस्था चालते. लहान विमानतळांना ही सवलत मोठा आधार असते.

या आकड्यांकडे नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. ५,४०० लिटर पाणी पूर्ण वेगाने मारले तर दोन मिनिटांच्या आत संपते. एवढ्यात सगळी आग विझेल असे कोणी गृहीत धरलेले नाही. पहिल्या मिनिटात धडाभोवतीची आग काबूत आणायची आणि माणसे बाहेर पडेपर्यंत ती वाट राखायची, इतकाच तो हिशेब. म्हणूनच फोम-द्रव्याचा राखीव साठा गाडीतल्या प्रमाणाच्या दुप्पट ठेवतात, आणि पाण्याची कायम ओढ असलेल्या सोलापूरसारख्या शहरात विमानतळावरची टाकी भरलेली असणे ही रोज बघायची बाब आहे.

वेळेची मर्यादाही तितकीच काटेकोर. पहिली हाक मिळाल्यापासून धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला, चांगल्या हवेत, पहिली गाडी पोहोचून ठरलेल्या वेगाच्या किमान निम्म्या वेगाने फोम मारू लागेपर्यंत तीन मिनिटांहून अधिक वेळ जाऊ नये. दोन मिनिटांत जमावे अशी शिफारस आहे. जवान ज्याला ‘सीएफटी’ म्हणतात तो मोठा क्रॅश फायर टेंडर ४,५०० लिटरहून जास्त पाणी वाहत असेल तर ४० सेकंदांत ताशी ८० किलोमीटरचा वेग गाठणारा आणि सगळ्याच चाकांना जोर देणारा हवा. या शेवटच्या अटीचे महत्त्व सोलापुरात पावसाळ्यात कळते. विमान घसरले तर ते धावपट्टी सोडून बाजूच्या जमिनीत जाते. भिजलेली काळी माती चाकांना चिकटून धरून ठेवते आणि वीस-पंचवीस टनांची गाडी तिच्यात बसली की ती बाहेर काढायलाच दुसरी गाडी लागते. त्यामुळे कुंपणालगतचे पक्के रस्ते, आपत्कालीन फाटके आणि पावसाळ्यात कोणता पट्टा चालतो, कोणता नाही, याची माहिती प्रत्येक चालकाला असली पाहिजे. नकाशाच्या चौकोनांवरून ‘अमुक चौकोन’ एवढे सांगितले की गाडी कुठल्या वाटेने वळवायची हे त्याला सुचायला हवे.

विमानाजवळ शक्यतो वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा पाठीवर घेऊन जातात. फोमची पहिली धार धडाला समांतर मारून आग माणसांपासून दूर ढकलायची. प्रवासी उतरत असलेल्या दारावर थेट जोराची धार मारायची नाही. एटीआर ७२ चे प्रवासी दार मागे डाव्या बाजूला आहे, पायऱ्यांसकट. पुढे दोन्ही बाजूंना आपत्कालीन दारे आहेत. विमान जमिनीला जवळ असल्याने घसरगुंड्या नसतात, लोक सरळ उडी मारून उतरतात. पंख धडाच्या वर असल्यामुळे त्यांतले इंधन गळले तर ते थेट केबिनच्या छतावर आणि बाजूंवर ओघळते. पंख्यांची, म्हणजे प्रोपेलरची, वेगळीच धास्ती असते. या विमानात उजवे इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने थांबवून ठेवता येतो, वीज आणि हवा मिळावी म्हणून. पंखा स्थिर दिसला म्हणून इंजिन बंद आहे असे समजू नये, आणि कोणत्याही पंख्याच्या फेऱ्यात पाऊल टाकू नये.

चाकांचे ब्रेक फार तापले असतील तर जवान पुढून किंवा मागून जातात, बाजूने कधीच नाही. रिम फुटली तर तिचे तुकडे आसाच्या दिशेने उडतात. नुसती धग असेल तर ते आपोआप निवू द्यावेत. ज्वाळा दिसल्या तरच मारा करावा.

फोम इंधनावर चादरीसारखा पसरतो, वाफ दाबून टाकतो आणि हवा तोडतो. पावडर ज्वाळा क्षणात खाली पाडते, इंजिनातून ओघळणाऱ्या पेटत्या इंधनावर तीच उपयोगी, पण तिच्यामागे थर राहत नाही आणि आग परत उसळते. दोन्ही एकमेकांच्या जोडीने वापरावी लागतात. जवानाच्या पायाने किंवा चुकीच्या धारेने फोमचा थर फाटला तर खालची वाफ मोकळी होते. थराखाली माणूसही झाकला जाऊ शकतो. ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला अपघातग्रस्त विमानाजवळ फेसाखाली दिसेनाशी झालेली एक तरुण प्रवासी बचावाच्याच गाडीखाली आली. तेव्हापासून विमानाभोवती गाडी हलवताना एकाने पायी पुढे चालण्यावर सरावात भर दिला जातो. वर्षानुवर्षे वापरलेल्या फोममधली फ्लोरिनयुक्त रसायने मातीत आणि भूजलात टिकून राहतात, म्हणून जगभर फ्लोरिनविरहित फोमकडे वळण सुरू झाले आहे. विहिरी-बोअरवर जगणाऱ्या भागात सरावाचा फोम कुठे वाहून जातो याचा विचार झालाच पाहिजे.

हाक दोन-तीन पायऱ्यांची असते. विमानात किरकोळ बिघाडाची शंका असेल तर गाड्या चौकीबाहेर ठरल्या जागी उभ्या राहतात. मोठा धोका असेल तर पूर्ण आणीबाणी जाहीर होते आणि शहरालाही कळवले जाते. अपघात झालाच तर क्रॅश बेल. पहिल्या काही मिनिटांनंतरचे काम मात्र एकट्या विमानतळाचे नाही. पाण्याचे टँकर सोलापूर महापालिकेच्या अग्निशमन दलाकडून, जखमींसाठी खाटा व रक्त छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातून, होटगी रस्ता मोकळा ठेवणे पोलिसांकडून. जखमींची गांभीर्यानुसार लाल, पिवळी, हिरवी, काळी अशी चिठ्ठी लावून वर्गवारी जागेवरच होते. गावकरी धावून येतातच. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला स्थानिकांनी भर पावसात जखमींना आपापल्या गाड्यांतून दवाखान्यात पोचवले. सोलापुरातही होटगी रस्त्यालगतच्या वस्त्यांतून हेच होईल, म्हणून या तरुणांना धूर, पंखे आणि विमानाच्या तुटलेल्या भागांतल्या कार्बन तंतूंची धूळ यांपासून दूर राहून मदत कशी करायची हे आधीच सांगून ठेवण्यात शहाणपण आहे.

पूर्ण प्रमाणातला एकत्र सराव निदान दोन वर्षांतून एकदा घ्यावा लागतो, मधल्या काळात लहान सराव. त्यात पाहायच्या गोष्टी बारीक असतात : महापालिकेच्या होजचे (पाण्याच्या नळीचे) कपलिंग, म्हणजे जोड, विमानतळाच्या गाडीला जुळते का, बिनतारी संचावर दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येते का, रात्री आपत्कालीन फाटकाची किल्ली कोणाकडे असते, आणि रुग्णवाहिका आत शिरतात त्याच फाटकातून बाहेर पडताना अडकतात का.