म्युऑन-स्पिन तंत्र

पदार्थात धन म्युऑन (धनभारित, अल्पायुषी मूलकण) रुतवून, त्याच्या स्पिनची (कणाच्या अंगभूत फिरकीची) दिशा काळानुसार कशी बदलते यावरून त्या नेमक्या जागेचे चुंबकीय क्षेत्र मोजण्याची पद्धत. प्रयोगशाळांत तिला ‘म्यू-एस-आर’ म्हणतात. यातल्या ‘आर’चा अर्थ प्रसंगानुसार रोटेशन, रिलॅक्सेशन किंवा रेझोनन्स. चुंबकीय क्रम आणि अतिसंवाहकता हे तिचे जुने विषय. बॅटरीच्या पदार्थांतील लिथियम व सोडियम आयनांचे विसरण (डिफ्यूजन, म्हणजे जागा बदलत पसरणे) हा नंतर जोडला गेलेला.

म्युऑनचे वस्तुमान प्रोटॉनच्या साधारण एक-नवमांश आणि सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद असते. स्फटिकात शिरलेला धन म्युऑन हलक्या प्रोटॉनसारखा वागतो. १ टेस्ला क्षेत्रात त्याचा स्पिन १३५.५ मेगॅहर्ट्झ वारंवारतेने फिरतो, म्हणून वारंवारता मोजली की क्षेत्र कळते. हे शक्य होते ते समता-भंगामुळे, म्हणजे काही क्षय त्यांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे घडत नाहीत म्हणून. स्थिर पायॉनच्या क्षयातून निघणाऱ्या म्युऑनचा स्पिन त्याच्या गतीच्या बरोबर उलट दिशेला असतो. पुढे म्युऑन स्वतः क्षय पावतो तेव्हा पॉझिट्रॉन स्पिनच्या दिशेला अधिक संख्येने फेकले जातात. १९५७ मध्ये गार्विन, लेडरमन आणि वाइनरिक यांनी हे दाखवले आणि त्याच लेखात पदार्थांतील क्षेत्रे मोजायला त्याचा उपयोग होईल असेही लिहून ठेवले. केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनात (एनएमआर) ध्रुवणासाठी, म्हणजे स्पिन एका दिशेला वळवण्यासाठी, मोठे क्षेत्र लागते. इथे ध्रुवण जवळपास पूर्ण आणि आयतेच मिळते, म्हणून शून्य क्षेत्रातही मोजमाप करता येते.

असे म्युऑन मिळतात ते ब्रिटनमधील आयसिस, स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्था, कॅनडातील ट्रायम्फ आणि जपानमधील जे-पार्क यांसारख्या मोजक्या ठिकाणी. भारतात असा स्रोत नाही. विश्वकिरणांतून येणारे म्युऑन फुकट असले, तरी समुद्रसपाटीला चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला जेमतेम एक पडतो. तेवढ्यावर हा प्रयोग उभा राहत नाही.

आयसिसमध्ये म्युऑन झोताझोताने येतात. झोताची रुंदी काही दशक नॅनोसेकंद असल्याने सुमारे १० मेगॅहर्ट्झच्या वरची आंदोलने दिसत नाहीत. पण दोन झोतांमध्ये पार्श्वभूमी (नको असलेली मोजणी) जवळजवळ नसते आणि २० मायक्रोसेकंद किंवा त्याहून पुढपर्यंत मोजता येते. पॉल शेरर संस्थेत म्युऑन सलग, एकेक येतात. तिथे काळाची विभेदनक्षमता नॅनोसेकंदाच्या आत असते, पण उशिराच्या काळात पार्श्वभूमी डोके वर काढते. तीव्र चुंबकत्वासाठी सलग स्रोत, मंद विश्रांतीसाठी (रिलॅक्सेशन, म्हणजे ध्रुवण हळूहळू ओसरणे) झोतांचा. ही निवड चुकली तर पुढचे विश्लेषण कितीही नेटके असले तरी उपयोग नाही.

नमुना सहसा एक-दोन ग्रॅम भुकटी. ४.१ मेगॅइलेक्ट्रॉनव्होल्टचे म्युऑन घन पदार्थात मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी अंतरात थांबतात, त्यामुळे थर पातळ झाला तर ते आरपार जातात. भुकटी चांदीच्या पटलावर किंवा पुडीत ठेवतात. चांदीच्या केंद्रकांचे चुंबकीय परिबल (चुंबकीय ताकद) नगण्य असल्याने चुकून तिच्यात थांबलेले म्युऑन सपाट पार्श्वभूमी देतात, जी वजा करता येते. नमुना फारच लहान असेल तर मागे हेमटाइट (लोहाचे चुंबकीय ऑक्साइड) लावतात. त्यातल्या म्युऑनचे ध्रुवण क्षणात नाहीसे होते. लिथियमयुक्त पदार्थ आर्गॉनच्या ग्लोव्हबॉक्समध्येच बंद करावे लागतात. ओलावा शिरला तर पाण्यातील प्रोटॉनांची क्षेत्रे लिथियमच्या क्षेत्रांत मिसळतात.

मोजणीपूर्वी स्पिनला आडवे २० गॉसचे क्षेत्र (१ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस) लावून पॉझिट्रॉन टिपणाऱ्या पुढच्या व मागच्या शोधकांचा तोल, म्हणजे ‘अल्फा’, ठरवतात. नमुना किंवा त्याची जागा बदलली की अल्फा पुन्हा काढायचा. त्यातली छोटी चूक अख्खा वक्र वर-खाली सरकवते. शून्य क्षेत्रासाठी पृथ्वीचे अर्धा गॉसच्या आसपासचे क्षेत्रही वेटोळ्यांनी रद्द करतात.

चुंबकीय क्रम असलेल्या भुकटीत संकेताचा दोन-तृतीयांश भाग आंदोलने दाखवतो आणि एक-तृतीयांश स्थिर राहतो. आंदोलनांचा वाटा पाहून नमुन्याचे किती आकारमान चुंबकीय आहे तेही कळते. साध्या चुंबकन-मोजणीत थोडीशी अशुद्धी पूर्ण नमुन्याचा आव आणू शकते, इथे ते जमत नाही. अडचण दुसरीच: म्युऑन नेमका कुठे बसला हे ठाऊक नसेल, तर वारंवारतेवरून अणूचे परिबल काढता येत नाही. त्यासाठी घनता-फलन सिद्धांताच्या (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाची ऊर्जा काढण्याच्या पद्धतीच्या) गणनेचा आधार घेतात. निरोधक व अर्धसंवाहकांत म्युऑन इलेक्ट्रॉन पकडून म्युओनियम बनतो आणि संकेताचा काही भाग हरवल्यासारखा वाटतो. त्याला चुंबकत्व समजण्याची चूक नवखे हमखास करतात.

आयनांची हालचाल केंद्रकांच्या काही गॉसच्या क्षेत्रांतून वाचतात. ही क्षेत्रे स्थिर व यादृच्छिक असतील तर ध्रुवण कुबो-तोयाबे वक्राने घसरते, तळ गाठते आणि पुन्हा एक-तृतीयांशावर येऊन टेकते. क्षेत्ररुंदी डेल्टा (या क्षेत्रांचा विस्तार, म्युऑनच्या फिरण्याच्या दरात मोजलेला) ०.३ प्रति मायक्रोसेकंद असेल तर तळ सुमारे ५.८ मायक्रोसेकंदाला येतो. तोवर फक्त ७ टक्के म्युऑन उरलेले असतात. म्हणून प्रत्येक तापमानाला कोट्यवधी क्षय मोजावे लागतात. आयन उड्या मारू लागले की आधी हे एक-तृतीयांशाचे शेपूट खचते. उड्यांचा दर डेल्टापेक्षा खूप वाढला की अख्खा वक्र सपाट होत जातो. केवळ शून्य क्षेत्रातील वक्रावरून दर आणि डेल्टा वेगळे करणे धोक्याचे. म्हणून स्पिनच्या दिशेने ५ व १० गॉस क्षेत्रे लावून तिन्ही वक्र एकत्र जुळवतात. दराच्या तापमान-अवलंबनातून सक्रियण ऊर्जा (उडीसाठी लागणारी ऊर्जा) मिळते, आणि उडीचे अंतर व रिकाम्या जागांचे प्रमाण धरून विसरण गुणांक.

कोबाल्ट, निकेल, मँगनीजसारख्या चुंबकीय आयनांमुळे एनएमआरचे संकेत बिघडतात. म्युऑनला त्यांची बाधा बरीच कमी. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडवरचे २००९ चे काम याच कारणाने गाजले. मूळ शंका मात्र उरतेच: हलले कोण, आयन की म्युऑन? ऑक्साइडांत म्युऑन ऑक्सिजनपासून सुमारे एक अँगस्ट्रॉमवर घट्ट बसतो, पण तांब्यात तो स्वतःच भटकतो. पडताळणीसाठी ऋण म्युऑन वापरतात. केंद्रक त्याला जखडून ठेवते, त्यामुळे तो हलण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र पकडला जाताना त्याचे बहुतेक ध्रुवण जाते, आणि जी मोजणी धन म्युऑनने तासाभरात होते तिला कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो.